खोली पाहून गादी

शनिवार सकाळ, दुसरा चहा, आणि आठवडाभर डोक्यात घोळत असलेला विषय आज एकदाचा लिहून टाकतोय. विषय ऐकून हसाल. गादी! गेले दोन महिने आमच्या घरात या एका वस्तूवरून जेवढी चर्चा झाली, तेवढी होम लोन घेताना पण झाली नव्हती.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इंजिनिअरिंग संपल्यावर चार वर्षं पुण्यात काढली. वाकडला चौघांत एक फ्लॅट. माझ्या वाट्याला आलेली जागा म्हणजे भिंतीलगत अडीच बाय सहाची गादी, उशाशी लॅपटॉप आणि पायथ्याशी सुटकेस. कूस बदलली की एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला रूममेटचा चार्जर. मग घरून काम करायची सोय झाली, लग्न झालं, आणि पुण्यात ज्या पैशात वन बीएचके मिळेना त्यात इथे थ्री बीएचके मिळतोय म्हटल्यावर आम्ही गाशा गुंडाळून परत गावी. गाव म्हणजे छत्रपती संभाजीनगर (बाबांच्या तोंडी अजून औरंगाबादच), आणि त्यातही चिकलठाणा. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला विमानतळ, मधून जालना रोड. पाचवा मजला. आई-बाबा, मी, बायको आणि वीस वर्षांचं कर्ज.

तर आमच्या बेडरूमचं माप आहे सोळा बाय चौदा फूट. लहानपणी मुकुंदवाडीच्या ज्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, त्यातली मोठी खोली पण एवढी नव्हती. या सोळा बाय चौदात आम्ही आणून ठेवली भाड्याच्या घरातली सहा बाय पाचची गादी. घरभरणीला आलेल्या प्रत्येकाने त्या गादीकडे पाहून काही ना काही शेरा मारलाच. एका काकूंनी तर दारातूनच म्हटलं, "अगबाई, एवढ्या मोठ्या खोलीत एवढीशी गादी? मैदानात रुमाल टाकल्यासारखी दिसते!"

झालं. रुमाल डोक्यात बसला.

पुढच्याच रविवारी आम्ही जालना रोडवरच्या एका मोठ्या शोरूममध्ये. एसी, मंद दिवे, पांढऱ्या चादरी. टाय लावलेला मुलगा अदबीने पुढे आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "सर, रूमची साइज काय आहे?"

हा प्रश्न लक्षात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे. त्याने किती जण झोपणार हे विचारलं नाही. कोणाची पाठ दुखते का, कोणाला उकडतं का, कोण किती वाजता झोपतं, काही नाही. थेट खोलीचं माप. आणि मी, ज्याला कंपनीत क्लायंटची रिक्वायरमेंट नीट समजून घ्यायचा पगार मिळतो, तो मी छाती फुगवून म्हणालो, "सिक्स्टीन बाय फोर्टीन."

त्याचे डोळे चमकले. आम्हाला तो थेट आतल्या दालनात घेऊन गेला. तिथे ती होती. आठ फूट रुंद, सात फूट लांब, दहा इंच जाड, सगळं लेटेक्स. ऑर्डर देऊन बनवून मिळणार. किंमत एक लाख अठ्ठेचाळीस हजार, पलंग वेगळा. आम्ही दोघं दोन टोकांना आडवे झालो. मध्ये एवढी जागा की बायकोने विचारलं, "तू आहेस ना अजून?" हसलो. पण खरं सांगतो, पाठ टेकल्या टेकल्या मनात आलं की घ्यायचीच. वाकडची ती अडीच फुटी गादी आठवली आणि वाटलं, आपण हे कमावलंय.

"सर, सुपीरियर पाहिजे असेल तर मेमरी फोमचा टॉप देतो. नासा टेक्नॉलॉजी आहे," इति टायवाला. यात तथ्य आहे, पण जेवढं तो सांगत होता तेवढं नाही. हा फोम १९६६ मध्ये नासासाठी काम करणाऱ्या चार्ल्स योस्ट यांनी तयार केला, तो विमानाच्या सीटवर बसणाऱ्याला धक्का कमी बसावा म्हणून. अंतराळवीरांच्या सुखाच्या झोपेशी त्याचा काही संबंध नव्हता. गाद्यांत तो खूप नंतर आला.

घरी आलो, वही काढली. इंजिनिअरला नाद असतो तो हाच, झोप येत नसली की गणितं करायची. तुम्हीही करून पाहा.

आपल्याकडे सर्रास मिळणारी किंग साइज गादी असते ७८ बाय ७२ इंच, म्हणजे साडेसहा बाय सहा फूट. दोघांत वाटली तर माणशी ३६ इंच. म्हणजे प्रत्येकाला एक पूर्ण सिंगल बेड. क्वीन साइज ६० इंच रुंद, माणशी ३० इंच. आणि कित्येक घरांत 'डबल' म्हणून जी चार फुटी गादी असते, तिच्यावर माणशी फक्त २४ इंच. आपल्या आधीच्या पिढीने त्या २४ इंचांत संसार केले, मधे एखादं पोर घेऊन. अमेरिकेत त्यांची नेहमीची किंग ७६ बाय ८० इंच असते, पण त्यापुढे जाऊन 'अलास्का किंग' नावाचा प्रकार निघालाय. १०८ बाय १०८ इंच, नऊ फूट चौरस! त्यावर माणूस हरवला तर शोधायला कंपास लागेल.

आता आमची आठ बाय सात. क्षेत्रफळ ५६ चौरस फूट. खोली २२४. बरोब्बर पाव खोली गादीखाली. किंग साइजला लागतात ३९ चौरस फूट. फरक १७ चौरस फुटांचा. समजा फ्लॅटचा भाव पाच हजार रुपये चौरस फूट धरला, तर नुसत्या त्या जास्तीच्या गादीखालच्या जमिनीची किंमत पंच्याऐंशी हजार. मोठ्या खोलीचे पैसे आपण मोकळ्या जागेसाठी मोजले, आणि तीच मोकळी जागा दिसते म्हणून ती झाकायला परत पैसे मोजतोय. हे कोडमध्ये केलं असतं तर रिव्ह्यूमध्ये कोणीतरी लाल केलं असतं.

मग वजन. लेटेक्सची घनता ढोबळमानाने ८० किलो प्रति घनमीटर धरा. या आकाराची दहा इंची गादी होते साधारण १०५ किलोची. महिन्यातून एकदा फिरवायची म्हटली तर चार माणसं बोलवायची, वर त्यांना चहा. आमची लिफ्ट सहा माणसांची, त्यात आठ फुटी वस्तू उभी राहत नाही. जिन्याला प्रत्येक मजल्यावर वळण. सोसायटीतल्या एका गृहस्थांचा सोफा तिसऱ्या मजल्यावर अडकून अर्धा दिवस राहिला होता, ते दृश्य डोळ्यांसमोर आलं.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण शोरूममध्ये यावर हमखास गल्लत होते. फोमच्या गादीवर '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं आकडा मोठा म्हणजे गादी कडक. तसं नाहीये. तो आकडा म्हणजे एका घनमीटरचं वजन किती किलो. घनता जास्त असली की साधारणपणे फोम जास्त दिवस टिकतो, लवकर खड्डा पडत नाही. कडकपणा हे वेगळंच माप आहे. चाळीस डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो आणि कडकही. तेव्हा आकड्यावर भाळू नका, झोपून पाहा. दोन मिनिटं नाही, पंधरा मिनिटं, कुशीवर. सेल्समन बघत असला तरी.

पण सगळ्यात मजेशीर हिशोब चादरीचा निघाला. बाजारात मिळणारी मोठी चादर १०८ बाय १०८ इंचांची. आमच्या गादीची रुंदी ९६, दोन्ही बाजूंची जाडी मिळून २०, खाली खोचायला १२. म्हणजे १२८ इंच रुंद आणि तशीच हिशोबाने ११६ इंच लांब चादर हवी. तयार मिळत नाही. कापड आणून शिवून घ्यायची, ती पण दोन-तीन जोड. आणि धुवायची कुठे?

इथे बाहेरगावच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. आमच्या शहराचं पाणी येतं पैठणच्या जायकवाडीतून. धरण मोठं, जलाशयाला नाव नाथसागर, पण नळाला पाणी काही दिवसांआड, हे या शहरात पिढ्या मोठ्या होताहेत तसं चालत आलंय. आमच्या सोसायटीत तर टँकरचा खर्च मेंटेनन्सच्या बिलात वेगळ्या ओळीत येतो. अशा गावात नेहमीच्या सव्वापट चादर, तीही आमच्या साडेसहा किलोच्या मशीनमध्ये कोंबून दर आठवड्याला धुवायची. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग धुवू नका, नुसती बघत बसा."

आता ऊन. पेपरात उन्हाळाभर एक वाक्य असतंच, 'चिकलठाणा वेधशाळेत आज कमाल तापमान इतके इतके नोंदवले गेले.' ती वेधशाळा म्हणजे आमची शेजारीणच. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, रात्री अकरालाही भिंती गरम. मेमरी फोमचा गुणच असा की अंगाच्या उष्णतेने तो मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो. थंड देशात यात सुख असेल. इथे त्याचा अर्थ असा की अंगाला सगळ्या बाजूंनी गादी चिकटणार, हवा खेळणार नाही, आणि मग रात्रभर एसी. म्हणजे गादीच्या किमतीत विजेचं बिल धरायचं. कापूस या बाबतीत किती पुढे होता हे आपण विसरलोय, आणि तेही मराठवाड्यात, जिथे शिवारं कापसाने पांढरी होतात.

मोठ्या पलंगाची हौस आजची नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये 'ग्रेट बेड ऑफ वेअर' नावाचा एक पलंग आहे. साधारण १५९० च्या सुमाराचा, तीन मीटरपेक्षा जास्त रुंद. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' मध्ये सुद्धा त्याचा उल्लेख येतो. तो कोणा राजासाठी केला असेल असं वाटतं ना? तर तो होता वेअर नावाच्या गावातल्या खानावळीत. लंडनहून येणाऱ्या प्रवाशांनी आपल्याच खाणावळीत उतरावं म्हणून बहुधा जाहिरातीसाठी केलेला. लोक तिथे रात्र काढायचे आणि लाकडावर आपली नावं कोरून जायचे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही अतिमोठ्या पलंगाचं मुख्य काम झोप देणं नव्हतं, दुसऱ्याने बघणं हे होतं.

आणि याच्या अगदी उलटं उदाहरण आमच्या जिल्ह्यात आहे. अजिंठ्याला आपण सगळे शाळेच्या सहलीत जातो, चित्रं बघतो आणि परत येतो. पुढच्या वेळी बारा नंबरच्या लेण्यात डोकवा. दोन हजार वर्षांहून जुना विहार. तीन बाजूंना मिळून बारा छोट्या खोल्या, आणि त्यांत भिक्खूंना झोपायला दगडात कोरलेले दोन-दोन ओटे. एक माणूस झोपेल एवढेच. ज्यांनी अख्खा डोंगर पोखरला त्यांना आणखी दोन फूट दगड काढणं काही जड नव्हतं. पण बौद्ध परंपरेतल्या अष्टशीलातलं आठवं शील आहेच मुळी उंच आणि मोठ्या शय्येपासून दूर राहण्याचं. कॉलेजच्या एका मित्राच्या घरी त्याची आजी उपोसथाच्या दिवशी पलंग सोडून खाली चटईवर झोपायची, तेव्हा आम्हाला काही कळायचं नाही. आता वाटतं, उंच आणि मोठी हेच दोन शब्द निवडण्यात केवढं निरीक्षण आहे. मऊ गादी स्वतःला कळते. उंच आणि मोठी दुसऱ्याला दिसते.

मी काही भिक्खू नाही. मला एसी लागतो, रविवारी दहापर्यंत झोप लागते. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण तोंडावर फेकून कोणाच्या हौसेवर पाणी ओतायचं नाहीये मला. उलट माझी तक्रार अशी आहे की आपण ना अंथरूण पाहिलं, ना पाय. आपण खोली पाहिली.

खरे पाय कुठे होते, ते पुढे कळलं.

एका रात्री आम्ही दोघं टेप घेऊन बेडरूम मोजत होतो. जमिनीवर खडूने आठ बाय सातचा चौकोन आखला. आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मोजताच आहात तर माझ्या पलंगाची उंची पण मोजा रे."

मी हसत गेलो मोजायला. आई-बाबांची खोली दहा बाय अकरा, घरातली सगळ्यात लहान. ती त्यांनीच मागून घेतली होती, "आम्हाला काय करायचीय मोठी" म्हणून. तिथे मुकुंदवाडीहून आलेला जुना लोखंडी पलंग, पट्ट्या सैल झालेल्या, आणि त्यावर आईची कापसाची गादी. मधोमध खड्डा. आई बसते तिथली उंची निघाली तेरा इंच. गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी तेरा इंच म्हणजे जवळजवळ जमीनच. बाबा तर कधीपासून खाली सतरंजीवरच झोपत होते, पलंगाची करकर आईला जागं करते म्हणून.

आणि मग मला तो आवाज आठवला. माझे अमेरिकेबरोबरचे कॉल रात्री एक-दीडपर्यंत चालतात. हेडफोन काढला की बऱ्याचदा पलीकडच्या खोलीतून बांगड्या लोखंडावर वाजल्याचा आवाज यायचा. मला वाटायचं खिडकी लावतेय. ती खिडकीच्या गजाला धरून उठत होती. रोज. "आधी का नाही बोललीस?" तर म्हणे, "तुमचं होऊ दे आधी."

दीड लाखाची गादी आठ फूट घ्यावी की साडेसात, यावर मी दोन महिने एक्सेल शीट चालवत होतो. त्या शीटमध्ये आईच्या नावाची एक ओळसुद्धा नव्हती.

त्या रात्री बायको पण मोकळी झाली. ती शेंद्र्याला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे, पहिल्या शिफ्टची बस सव्वासहाला. ती पाचला उठते, मी दीडला झोपतो. मी आडवा होताना ती जागी होते, ती उठताना मी. वर्षभर दोघांचीही झोप अर्धवट, आणि सकाळी एकमेकांवर खेकसणं. ती म्हणाली, "अरे, मला मोठी गादी नकोय. तू आलास की माझी बाजू हलते, ती हलायला नकोय."

बघा, याला म्हणतात रिक्वायरमेंट! शोरूमवाल्याने विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. मी विचारलं असतं तर वर्षापूर्वी.

आणि याचं उत्तर इतकं सोपं निघालं की लाज वाटली. जर्मनीत राहून आलेला एक सहकारी म्हणाला की तिकडे डबल बेडवर सर्रास दोन वेगळ्या गाद्या असतात, शेजारी शेजारी. पांघरुणंही दोन. एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला पत्ता लागत नाही. ७८ बाय ३६ च्या दोन गाद्या मिळून आपली नेहमीची किंग साइजच होते. मला मध्यम कडक, तिला जरा मऊ, ज्याची त्याला. प्रत्येकीचं वजन अकरा-बारा किलो, एकटा माणूस उचलून बाल्कनीत उन्हाला टाकू शकतो, लिफ्टमध्ये उभी मावते. वर एक पातळ टॉपर आणि एकच चादर टाकली की मधली फट लागत नाही. चादर बाजारातली. सगळं मिळून त्या अवाढव्य गादीच्या पाव किमतीत.

शोरूममध्ये सांगितलं तर टायवाला चाचरत म्हणाला, "सर, मॅरिड कपल असं घेत नाही." यातच सगळं आलं. आपल्याकडे नवरा-बायकोच्या गादीत रेघ म्हणजे संसारात रेघ. कॉल फार उशिरा संपला तर मी आता तिसऱ्या खोलीत झोपतो. हे नातेवाइकांना कळलं तर काय होईल याची कल्पना करा! पण माझं स्पष्ट मत आहे, आणि हे लग्न झालेल्या आयटीवाल्यांनी तरी ऐकावं: झोप झालेला नवरा शेजारच्या खोलीतून आलेला बरा, झोपमोड केलेला शेजारी पडलेला असण्यापेक्षा. शिवाय आठवड्यातले दोन कॉल लवकर घ्यायची विनंती मी मॅनेजरला केली. त्याने एक मान्य केला. गादीने हा प्रश्न सुटणार नव्हता, कितीही फूट घेतली असती तरी.

आईची गादी हा वेगळा विषय. तिला नवी नको होती. ती तिच्या वडिलांनी लग्नात दिलेली, फुलंब्रीकडच्या त्यांच्या शेतातल्या कापसाची. लहानपणी दर दोन-तीन वर्षांनी गल्लीत पिंजारी यायचा. शिवण उसवायची, रुई उन्हात टाकायची, मग त्याच्या धुनकीचा तो तुंग तुंग आवाज, आम्हा पोरांच्या नाकातोंडात कापूस, आणि संध्याकाळपर्यंत गादी पुन्हा फुगलेली. फोमची गादी बसली की बसली. भंगारवाला पण नेत नाही. कापसाची गादी परत उभी राहते, हे किती मोठं फीचर आहे!

जुन्या शहरात एक पिंजारी चाचा सापडले. आता मशीनवर पिंजतात. त्यांना गंमत म्हणून विचारलं, "चाचा, आठ बाय सातची कापसाची गादी होईल का?" ते म्हणाले, "बना देंगे साब, बनाने को क्या है. पर उठाएगा कौन? धूप में डालेगा कौन?" आणि परत कामाला लागले.

आईच्या पाठीसाठी सगळे सांगत होते, कडक फळीवर झोपवा. मी थोडं वाचलं. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला होता, जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवरचा. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. म्हणून लाकडी पलंग केला, त्यावर चार इंची काथ्याची गादी, आणि त्यावर पिंजून आणलेली आईची. बसल्यावर गुडघा काटकोनात येईल आणि पाय जमिनीला टेकतील अशी उंची, तिच्या बाबतीत अठरा इंच निघाली. हल्लीचे ते बॉक्स बेड आणि वर बारा इंची गादी, त्यावर चढायला म्हाताऱ्या माणसाला स्टूल लागतं. खालची उंची जेवढी वाईट तेवढीच ही पण.

आता कोणाला खरंच मोठी गादी लागते, तेही सांगतो, नाहीतर म्हणाल हा सगळ्यांनाच उपदेश करत सुटलाय. उंची सव्वासहा फूट असेल तर साडेसहा फुटी गादीवर पाय बाहेर येणारच. माणसाच्या उंचीपेक्षा पाच-सहा इंच तरी जास्त लांबी असावी. लहान मूल मधे झोपत असेल तर रुंदी वाढवा. पण तेव्हाही शेजारी एक सिंगल जोडणं बरं, मूल मोठं झालं की ती त्याच्या खोलीत जाते. आणि हौस असेल, पैसे असतील, चादर धुवायला पाणी असेल, तर नुसत्या हौसेसाठी घ्या. हौसेला कारण लागत नाही. फक्त तिला 'खोलीची गरज' म्हणू नका. खोली झोपत नाही.

घ्यायच्या आधी एक आठवडा एवढंच करा. घरातल्या प्रत्येकाला विचारा की रात्री किती वेळा जाग येते आणि कशाने. गादी नंतर मोजा.

आमची खोली अजून मोकळीच दिसते. खिडकीपाशी एक आरामखुर्ची टाकलीय, बाकी फरशी. जमिनीवरचा खडूचा चौकोन पुसला, पण एका कोपऱ्यात थोडा राहिलाय. परवा काकू परत आल्या होत्या. आत डोकावून म्हणाल्या, "अजून घेतली नाही का मोठी गादी?" बायकोने चहा आणायला मला पिटाळलं आणि त्यांना आईची खोली दाखवायला घेऊन गेली.

रात्री हेडफोन काढल्यावर आता पलीकडून बांगड्यांचा आवाज येत नाही. कधी कधी बाबांचं घोरणं येतं, ते पण पलंगावरून.

असो. आज नळाला पाणी आलंय आणि मशीन थांबलंय. चादर वाळत घालायची पाळी माझी आहे.